डाव्या मागच्या चाकावरची जागा

“आक्का, वाक! अजून वाक! चाक उचलालंय!”

सन्मती ओरडत होता आणि मी गाडीच्या डाव्या बाजूनं कमरेपर्यंत बाहेर लोंबकळत होते. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, कमरेला ताडपत्रीचा पट्टा, तोंडात कागलच्या माळावरची धूळ. माझं बूड बरोबर डाव्या मागच्या चाकावर यायला हवं होतं. ते आलं की चाक जमिनीला टेकायचं, गाडी वळणातून सुटायची आणि सन्मती ‘शाब्बास!’ म्हणायचा. मला की चाकाला, ते मी कधी विचारलं नाही.

ही नव्वद सालची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि ब्याण्णव किलोची. सन्मती माझा धाकटा भाऊ. आमच्या आप्पांचं कोल्हापुरात उद्यमनगरला गिअर कटिंगचं वर्कशॉप होतं, आणि त्याच्या मागच्या अंगणात सन्मतीनं दोन वर्षं खपून एक स्पोर्ट्स कार उभी केली होती. सांगाडा एका जुन्या मोटारीचा, वरचा पत्रा स्वतः ठोकलेला, टप नाही, दारं नाहीत, बसायला दोन जागा. रंग हळदीसारखा, म्हणून आम्ही तिला पिवळी म्हणायचो. सरळ रस्त्यावर पिवळी सुसाट पळायची. वळणावर मात्र आतल्या बाजूचं मागचं चाक अधांतरी व्हायचं आणि नुसतं गरगर फिरायचं. धूर व्हायचा, आवाज व्हायचा, गाडी तिथल्या तिथं.

सन्मतीनं आधी त्या चाकावर वाळूची पोती बांधून पाहिली. पण कागलच्या माळावर दर वर्षी व्हायच्या त्या शर्यतीच्या मार्गात चार वळणं डावी असली तरी एक उजवं होतं, आणि तिथं पोती चुकीच्या बाजूला पडायची. त्याला आपल्या आपण हलणारं पोतं हवं होतं. मी घरातच होते.

शर्यत भरवणाऱ्या मोटर मंडळाच्या नियमांत ‘चालकाशेजारी एक इसम बसल्यास हरकत नाही’ असं वाक्य होतं. बाई हा इसम धरायचा की नाही यावर पहिल्या वर्षी मंडळात तासभर भांडण झालं. शेवटी पंच पाटील सरांनी निकाल दिला की धरायचा.

खोटं कशाला सांगू, मला ते काम आवडायचं. घरात माझं वजन म्हणजे दबक्या आवाजात बोलायचा विषय. सहा स्थळं येऊन गेली होती. सगळ्यांचा निरोप एकच, ‘मुलगी चांगली आहे, पण.’ पणच्या पुढचं कुणी बोलायचं नाही. माळावर मात्र निघायच्या आधी सन्मती काळजीनं विचारायचा, “आक्का, पोटभर जेवलीस न्हवं? अजून एक भाकरी खा की.”

सातवं स्थळ जयसिंगपूरच्या चौगुल्यांचं. मुलगा पुण्यात ट्रॅक्टरच्या कारखान्यात गिअर डिझाइनला होता. नाव अकलंक. स्थळ आणलं होतं आमच्या भरमूमामानं. मुलगा, त्याची आई आणि भरमूमामा असे तिघं आले. आमचं घर वर्कशॉपच्या मागं, त्यामुळं येणाऱ्याला अंगणातून, म्हणजे पिवळीला वळसा घालूनच यावं लागायचं.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर मुलाची खुर्ची रिकामी.

“आत्ता येतो म्हणालाय,” त्याची आई म्हणाली.

दहा मिनिटं झाली. पोहे गार झाले. आप्पा उठून बघायला गेले. मलाही काय सुचलं कुणास ठाऊक, ट्रे तसाच हातात धरून मी त्यांच्या मागोमाग गेले. पिवळीच्या खालून चार पाय बाहेर आले होते. दोन सन्मतीचे, दोन चकचकीत बुटांतले.

“ही डावीकडं मागं पायरी कशासाठी केलीय?” बुटांकडून आवाज आला.

“तिथं आक्काचा पाय असतोय. चाक दाबाय.”

“कोण आक्का?”

“तुम्ही बघाय आलाय ती.”

खाली पान्यानं कशावर तरी टकटक झाली. मग तोच आवाज म्हणाला, “म्हणजे डिफरन्शिअल साधंच आहे.”

अकलंक सरपटत बाहेर आला. पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत ऑइलचा पट्टा. किडकिडीत माणूस, माझ्या निम्म्यानं असेल. त्यानं माझ्याकडं, म्हणजे माझ्या हातातल्या ट्रेकडं बघितलं, एक बशी उचलली आणि उभ्या उभ्या खात आप्पांना सांगायला लागला.

“वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मधे डिफरन्शिअल. ते दोघांना वेगवेगळं फिरू देतं. बरोबर?”

“ते मला सांगतोस काय?” आप्पा म्हणाले. “जन्म गेला माझा गिअर कापण्यात.”

“पण साध्या डिफरन्शिअलची एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना जोर अगदी सारखा वाटतं. आई दोन पोरांना लाडू देते तसं. धाकटा म्हणाला, मला अर्धाच पुरे, तर थोरल्यालाही अर्धाच. आतलं चाक हवेत गेलं की त्याला जोर घेताच येत नाही. मग बाहेरचं चाक जमिनीवर घट्ट उभं असूनही उपाशी.”

“मग?”

“आत चकत्या बसवायच्या, क्लचसारख्या. एक चाक उधळायला लागलं की त्या दोघांना थोडं एकत्र धरतात. पुरतं बांधून नाही टाकायचं, थोडंच. लिमिटेड स्लिप. ते बसवलं की ह्यांची गरज नाही.”

आणि त्यानं हातातला चमचा माझ्याकडं रोखला.

नेमकी त्याच वेळी त्याची आई, माझी आई आणि भरमूमामा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं ते शेवटचं वाक्य.

माझ्या आईनं तोंडाला पदर लावला. मामा म्हणाला, “आरं पावण्या, असं तोंडावर?”

“अकलंक!” त्याची आई ओरडली. “काय बोलतोयस? घरी जाऊन कळवायचं असतं!”

“पण आई, ह्या बाहेर लोंबकळतात! उगीच जिवाला धोका. तेच काम अकरा किलोत होतंय!”

कसलं काम आणि कसले अकरा किलो, हे तिघांनाही कळलं नाही. माझ्या आईचं बघून त्याच्या आईलाही रडू आलं. दोघी एकमेकींचे हात धरून पायरीवर बसल्या. अकलंकनं खिशातून घडी केलेला कागद काढला, पिवळीच्या बॉनेटवर पसरला आणि चकत्या कशा बसवायच्या त्याचं चित्र काढायला घेतलं. तो कागद म्हणजे माझं परिचयपत्र होतं. ‘वर्ण निमगोरा, स्वभाव शांत’ खाली बॉनेटला चिकटलं आणि पाठीवर गिअर उमटले.

त्या घरून ना होकार आला ना नकार. पण पुढच्या रविवारी सकाळी अकलंक पुण्याहून एसटीनं आला तो स्कूटरच्या क्लचच्या चकत्या पिशवीत घेऊन. ओळीनं तीन रविवार आला. आप्पांनी चकत्या बसायचं घर कापलं, सन्मतीनं भोकं पाडली, अकलंकनं मापं घेतली. तीन रविवारांत तो माझ्याशी एकच वाक्य बोलला, “जरा तो सतराचा पाना द्या.” मी चौदाचा दिला. मुद्दाम.

तयार झालेली डिफरन्शिअलची पेटी काट्यावर ठेवली. अकरा किलो दोनशे ग्रॅम. सन्मतीनं कटर घेतला आणि माझ्या पायाची पायरी कापून टाकली. “आक्का, आता तू शर्यतीला प्रेक्षकांच्या मांडवात निवांत बसून बघ,” असं त्यानं लाडानं सांगितलं. मी आत जाऊन पोळ्या लाटल्या. त्या दिवशीच्या पोळ्या कुणाला तुटेनात.

शर्यत जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होती. प्रत्येक गाडीला तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यांत कमी वेळेची धरायची. आदल्या वर्षी मी बसलेली असताना सन्मतीनं एक मिनिट बावन्न सेकंदांत फेरी मारली होती. या वेळी मी दोरीपाशी आप्पांच्या शेजारी उभी होते, साडी नेसून. अकलंक गळ्यात स्टॉपवॉच अडकवून पहिल्या वळणावर बसला होता.

पिवळी सुटली. पहिल्या वळणावर सन्मतीनं तेच केलं जे दोन वर्षं करत आला होता. स्टिअरिंग वळवलं आणि निम्म्या वळणातच ॲक्सिलरेटर खच्चून दाबला. पूर्वी मी दाबून धरलं तरी आतलं चाक थोडं मोकळं फिरून बराचसा जोर वाया घालवायचं, म्हणून गाडी निदान वळायची तरी. आता चकत्यांनी दोन्ही चाकांना धरलं, दोघांनी मिळून मागून रेटा दिला, आणि पुढची चाकं पुरती वळलेली असताना पिवळी नाकासमोर सरळ गेली. समोर ऊस होता. ती उसात शिरली आणि ऊस तिच्यामागं मिटला.

बऱ्याच वेळानं उसातून सन्मती बाहेर आला. त्याच्या मागं उसाचा मालक होता आणि तो बोलत होता. काय बोलत होता ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या फेरीला सन्मती जपून गेला. तीन वळणं बरी काढली. चौथ्यातून बाहेर पडताना त्याचा धीर सुटला आणि त्यानं पुन्हा पाय रोवला. या वेळी धुळीत दोन्ही मागची चाकं एकदमच घसरली. शेपटी फिरायला लागली. घाबरून त्यानं पाय झटक्यात काढला, तशी ती आणखी जोरानं फिरली. पिवळीनं दीड गिरकी घेतली आणि मागच्या बाजूनं मांडवात घुसून उभी राहिली. मांडवात सरपंच उसाचा रस पीत होते. ते खुर्चीसकट मागं सरकले, पण ग्लास सोडला नाही.

“ह्याच्यापरीस आक्का बरी हुती!” सन्मती हेल्मेट आपटत ओरडला. त्याच्या तोंडून माझ्याबद्दल इतकं चांगलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

अकलंक धावत आला. “डिफरन्शिअलची काही चूक नाही.”

“मग कुणाची?”

“पायाची.”

सन्मतीनं बाह्या वर सारल्या. आप्पा मधे पडले. ‘ही गाडी आता त्या पुण्याच्या शहाण्यालाच चालवू दे’ असं म्हणून सन्मती रसवंतीवर जाऊन बसला. अकलंकला गाडी चालवता येत नव्हती. ट्रॅक्टरचे गिअर आखणाऱ्या माणसाला सायकलपलीकडं काही येत नाही, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

मी सन्मतीपुढं जाऊन हात पसरला. “किल्ली दे.”

“कशाला?”

“मी चालवतो.” आमच्या कोल्हापूरकडं बायकाही असंच बोलतात.

“तू?”

“आप्पांचा टेम्पो इचलकरंजीला कोण नेतंय सहा वर्षं? तू?”

त्यानं खिशातली किल्ली चाचपली. मी आणखी म्हणाले, “आणि दोन वर्षं त्या चाकावर कोण बसलंय? तू निम्म्या वळणात पाय दाबतोस. दर वेळी. मला खाली कळायचं.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तू विचारलंस कुठं? तू भाकरी खा म्हणायचास.”

पाटील सरांनी वही उघडली, चष्मा सरकवला, म्हणाले, “गाडी क्रमांक नऊ. एक फेरी शिल्लक. चालक बदलला तर चालेल, इसम असला म्हणजे झालं,” आणि शिट्टी तोंडात धरली. मी साडीचा काष्टा घातला. सीट मागं घेतली. डावीकडं बघते तर अकलंक आत येऊन बसलेला.

“तुम्ही कशाला?”

“चकत्या कधी धरतात ते ऐकायचंय.”

शिट्टी वाजली.

पहिलं वळण आलं. मी लवकरच ब्रेक लावला, स्टिअरिंग वळवलं आणि सन्मती जिथं पाय दाबायचा तिथं काहीच केलं नाही.

“दाबा!” अकलंक ओरडला.

“अजून न्हाई.”

“आता?”

“अजून न्हाई म्हटलं की!”

पिवळीचं नाक हळूहळू आत वळलं. पुढचं निशाण समोर दिसायला लागलं तेव्हा मी पाय टेकवला, मग थोडा थोडा दाबत गेले. खालून करकर असा आवाज आला. डावं मागचं चाक हलकं झालेलं मला कळलं, आणि सवयीनं मी डावीकडं वाकलेसुद्धा. काही गरज नव्हती. धूर नाही, गरगर नाही. उजव्या चाकानं भार घेतला आणि पिवळी वळणातून अशी निघाली की माझी पाठ सीटला चिकटली.

“धरलं! धरलं!” अकलंक दोन्ही हात वर करून ओरडला. स्टॉपवॉच उडून बाहेर पडलं.

दुसरं वळण, तिसरं उजवं. चौथ्यापर्यंत मला हाव सुटली. बाहेर पडताना मी जरा जास्तच दाबलं. दोन्ही चाकं एकदम सुटली, शेपटी बाहेर आली आणि समोर रस्त्याऐवजी मांडव दिसायला लागला. मांडवात सरपंच उभे राहिले.

“सोडू नका! एकदम सोडू नका! मागच्या टायरचा कोन आणि—”

“गप बसा!”

मी स्टिअरिंग उलट फिरवलं आणि पाय काढला नाही, अर्ध्यावर धरून ठेवला. पिवळी क्षणभर आडवीच पळाली. मग दोन्ही चाकांनी जमीन पकडली, शेपटी आपसूक मागं गेली, आणि सरपंच खाली बसले.

एक मिनिट एकोणपन्नास. पहिला नंबर निपाणीच्या एका जीपवाल्यानं काढला, एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांत. आमचा दुसरा. दुसरं बक्षीस होतं सफारी सुटाचं कापड. ते माझ्या अंगावर धरून बघावं की काय असा सरपंचांना प्रश्न पडलेला स्पष्ट दिसत होता.

लोक भोवती जमले. सन्मतीनं रस सोडून धावत येऊन मला उचलायचा प्रयत्न केला आणि पाठ धरून बसला. अकलंकनं अभिनंदन वगैरे काही केलं नाही. तो खिशातून कागद आणि पेन्सिल काढून माझ्यासमोर उभा राहिला.

“कुठं धरायला लागल्या?”

“काय?”

“चकत्या. तुम्हाला नेमकं कुठं जाणवलं? हाताला, पायाला?”

“बुडाला.”

त्यानं ‘बुडाला’ असं लिहिलं. हसला नाही. मग विचारलं, पाय टेकवल्यावर लगेच की जरा वेळानं. मी सांगितलं. उजव्या वळणावर तसंच का. मी सांगितलं, तिथं उशिरा. का उशिरा असेल. मी विचार करून तेही सांगितलं. धुळीत उभं राहून तो अर्धा तास विचारत होता आणि मी बोलत होते. मी एवढं बोलते हे माझं मलाच नवं होतं.

“वजन किती?” त्यानं विचारलं.

“गाडीचं?”

“तुमचं.”

आप्पा खोकले. भरमूमामा लांब निघून गेला.

“ब्याण्णव,” मी मोठ्यानं सांगितलं.

त्यानं आकडा लिहिला, खाली रेघ मारली, थोडा हिशेब केला. “मग उजव्या बाजूची स्प्रिंग जरा कडक करायला हवी,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भरमूमामा पेढे घेऊनच आला. “होकार आला! चौगुल्यांकडनं होकार आला!” आईनं देवापुढं साखर ठेवली. आप्पा खुर्चीत मागं रेलले.

“माझा कुठं आलाय?” मी विचारलं.

घरात सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“तुला आणि काय पायजे गं?” आई म्हणाली.

“सात जण आले, सहा गेले. मला एकानं तरी विचारलंय का?”

मामानं पेढ्यांचा पुडा उघडावा की झाकावा हे न कळून तो काखेत धरला. आठवडाभर घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी रोज सकाळी टेम्पो घेऊन बाहेर पडायचे आणि तीच गोष्ट घोळवत राहायचे, की त्या माणसानं अर्धा तास माझं बोलणं लिहून घेतलं, पण मुख्य ते विचारलंच नाही.

रविवारी अकलंक एसटीनं आला. एकटाच, आई नाही, मामा नाही. पिशवीत ना नारळ, ना साडी. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा नव्या चकत्या होत्या.

“आधीच्या घासल्या असतील. चौथ्या वळणावर तुम्ही जरा जास्तच दाबलंत,” तो म्हणाला. मग तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. “आणि तुमचं काय म्हणणं आहे, ते विचारायचं राहून गेलं माझं.”

“कशाबद्दल?”

“चकत्यांबद्दल. आणि माझ्याबद्दल.”

“चकत्या चांगल्यात.”

त्यानं चकत्यांवरचा कागद पुन्हा नीट गुंडाळला. खिडकीत आई, आप्पा आणि सन्मती एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होते.

“आधी ह्या बसवू या,” मी म्हणाले. “तुमचं वाटेत सांगतो.”

जेवणवेळेपर्यंत आम्ही दोघं पिवळीखाली होतो. मग मी तिला बाहेर काढली, तो डावीकडं बसला, आणि आम्ही कागलच्या रस्त्याला लागलो. नव्या चकत्या सुरुवातीला फार ओरडतात. त्यात टप नाही, दारं नाहीत, वारा तोंडावर. एक लांब डावं वळण आलं. मी वाट बघितली, पाय टेकवला, गाडी छान आत वळली, आणि मी ‘हो’ म्हणाले.

“काय?” अकलंकनं कानाला हात लावला.

“हो म्हटलं!”

“कुठं धरलं? डावीकडं?”

“धरलं न्हाई! लग्नाला हो म्हणालो!” मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

बांधावर गवत कापणाऱ्या दोन बायकांनी ते आधी ऐकलं. त्यातली एक खुरपं उंच धरून ओरडली, “आगं मग गाडी तरी थांबव की बया, बिचाऱ्याला उतरून पळायचं आसंल तर!”

मी गाडी थांबवली. तो उतरला नाही.